झाकली मूठ उघडणारी लोरेटा

झाकली मूठ सव्वा लाखाची! मैत्रिणींनो, ही म्हण तुमच्या-माझ्या कानांवर लग्नाच्या आधीपासून पडलेली आहे. सासरी निघताना आई जे काही पदरात बांधून देते, त्यात ती असतेच. घरातलं घरात ठेवावं. चारचौघींत नवऱ्याचं उणं काढू नये. भांडण झालंच तर दार लावून घ्यावं आणि दार उघडलं की चेहरा हसरा ठेवावा. माझ्या सासूबाई तर म्हणायच्या, "धुणं वाळत घालताना फाटकं आतल्या दोरीवर आणि धड बाहेरच्या दोरीवर!" त्या केवळ धुण्याबद्दल बोलत नव्हत्या, हे सांगायला नकोच.

आज ज्या बाईची मी तुम्हाला ओळख करून देणार आहे, तिनं फाटकं बाहेरच्या दोरीवर घातलं. तेही चोरून नाही. माइकसमोर उभं राहून, आपल्या खऱ्या नावानं, आणि ज्याच्याविषयी बोलायचं तो नवरा धडधाकट जवळ असताना. तिचं नाव लोरेटा लिन. अमेरिकेतल्या कंट्री संगीताची थोर गायिका आणि आपली कितीतरी गाणी आपणच रचणारी कवयित्री. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाची नव्वद वर्षं पुरी करून ती गेली.

तुम्ही म्हणाल, कुठली अमेरिका, कुठलं कंट्री संगीत, आमचा काय संबंध? थोडा धीर धरा. कंट्री म्हणजे तिथल्या दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांतलं, कष्टकरी माणसांचं गाणं. गिटार, फिडल, बँजो अशी वाद्यं, साधी चाल, आणि शब्दांत रोजचं जगणं. दारू, दुरावा, शेत, आगगाडी, आई, देव, फसलेलं प्रेम. नॅशव्हिल हे गाव त्याचं माहेरघर, आणि 'ग्रँड ओल ऑप्री' हा १९२५ साली सुरू झालेला रेडिओवरचा कार्यक्रम म्हणजे त्याची पंढरी. आपल्याकडे बायकांनी जात्यावर माहेर-सासर गायलं, पण ते दळणाबरोबर पहाटेच संपायचं. लोरेटानं तसंच काहीसं रेकॉर्डवर आणलं, आणि ते देशभर वाजलं.

तिचा जन्म १४ एप्रिल १९३२ चा, केंटकी राज्यातल्या बुचर हॉलो नावाच्या डोंगरदरीतला. वडील टेड वेब कोळशाच्या खाणीत काम करायचे. आठ भावंडांत ही दुसरी. लाकडी खोपट्याच्या भेगांतून वारा येऊ नये म्हणून आई भिंतींना जुनी वर्तमानपत्रं आणि मासिकांची पानं चिकटवायची. त्या पानांवर सिनेनटी लोरेटा यंग हिचा फोटो होता, त्यावरून मुलीचं नाव पडलं. गरिबी अशी, की उन्हाळ्यात पोरं अनवाणी आणि हिवाळ्यापुरते बूट. पुढे बॅटरीवरचा एक रेडिओ घरात आला आणि शनिवारी रात्री त्यावर ऑप्री लागू लागलं.

लग्नाची गोष्ट तर आपल्या पाककृतीच्या पानावर शोभेल अशी आहे. शाळेत एक मेळावा भरला होता. मुलींनी 'पाय' म्हणजे गोड सारण भरलेली भाजलेली पोळी करून आणायची, मुलांनी बोली लावून ती विकत घ्यायची, आणि ज्याची बोली मोठी त्यानं त्या मुलीला घरी सोडायला जायचं. सैन्यातून परतलेला ऑलिव्हर लिन नावाचा तरुण लोरेटाच्या पायवर बोली लावत गेला आणि जिंकला. पहिला घास तोंडात घातला, तर पाय खारट! पोरीनं साखरेऐवजी मीठ घातलं होतं. ही हकीगत ती स्वतःच हसत सांगायची. महिनाभरात, १० जानेवारी १९४८ रोजी, दोघांचं लग्न झालं. तेव्हा ती किती वर्षांची होती? ती कायम तेरा सांगत आली. २०१२ साली तिची जन्मनोंद उजेडात आली, तेव्हा कळलं की पंधरा. तुम्हीच सांगा, दोन्हींत फरक तो काय!

सगळे त्या नवऱ्याला डूलिटल म्हणत, ती नुसतं 'डू' म्हणे. पहिल्या खेपेला सातवा महिना असताना तो तिला घेऊन देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या सीमेजवळ वॉशिंग्टन राज्यातल्या कस्टर गावी गेला. ना आई जवळ, ना बहीण. विसाव्या वर्षापर्यंत चार मुलं झाली. ती लोकांच्या घरची कामं करी, मळ्यांत स्ट्रॉबेऱ्या खुडी. फळं-भाज्या बरण्यांत भरून टिकवण्यात तिचा हात इतका धरलेला होता, की तिथल्या जत्रेत तिला त्याबद्दल बक्षिसाच्या फिती मिळाल्या. म्हणजे बघा, ही बाई आधी आपल्यातलीच. चूल, मूल, बरण्या आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांचं काम.

मुलांना झोपवताना, भांडी घासताना ती गायची. ते डूनं ऐकलं, आणि १९५३ साली त्यानं सतरा डॉलरची एक गिटार तिच्या हातात आणून ठेवली. शिकवायला कुणी नाही. मुलं झोपल्यावर ती तारा छेडत बसे. गाण्यांचे शब्द छापणारं एक मासिक तिच्या हाती येई. ते वाचून तिच्या मनात आलं, हे असं तर आपल्यालाही जमेल! शाळा तिची लवकरच सुटली होती. व्याकरण नाही, छंदशास्त्र नाही. पण गाणी होऊ लागली.

तिचा लाजाळूपणा मोडला तोही डूनंच. लोकांपुढे गायला ती तयार नव्हती, त्यानं तिला अक्षरशः ढकलून उभं केलं. कॅनडातल्या एका लाकूड व्यापाऱ्यानं पैसे घातले आणि १९६० साली 'आय अ‍ॅम अ हाँकी टाँक गर्ल' ही तिची पहिली रेकॉर्ड निघाली. मागे कुणी मोठी कंपनी नाही. मग काय, नवराबायको गाडीत बसले आणि गावोगावच्या रेडिओ केंद्रांवर रेकॉर्ड घेऊन निघाले. जिथे मनोऱ्याचा खांब दिसेल तिथे गाडी थांबवायची, आत जायचं, आणि ही रेकॉर्ड लावा म्हणून विनवायचं. खायला पाव, मांसाचे काप आणि चीज. गाणं देशातल्या कंट्री गाण्यांच्या यादीत चौदाव्या क्रमांकापर्यंत चढलं! त्याच वर्षी ती ऑप्रीच्या मंचावर गायली. एकाच गोष्टीची हुरहुर राहिली. वडील १९५९ सालीच गेले होते. लेकीची पहिली रेकॉर्डही त्यांनी ऐकली नाही.

नॅशव्हिलला तिला थोरली बहीण भेटावी तशी एक मैत्रीण भेटली, पॅट्सी क्लाइन. तेव्हाची नावाजलेली गायिका. तिनं या खेडवळ मुलीला कपडे दिले, मंचावर कसं वावरायचं ते शिकवलं. मार्च १९६३ मध्ये पॅट्सी विमान अपघातात गेली. पुढच्या वर्षी लोरेटाला जुळ्या मुली झाल्या. त्यातल्या एकीचं नाव तिनं पॅट्सी ठेवलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. कंट्री गाण्यांत बाई पहिल्यापासून होती, पण बहुधा पुरुषांच्या शब्दांत. किटी वेल्स या गायिकेनं १९५२ साली पुरुषांना खडसावणारं एक गाणं गाऊन पहिला क्रमांक मिळवला, तेही एका पुरुषानंच लिहिलेलं होतं. लोरेटा आली ती आपले शब्द घेऊन. आणि विषय? तेच, जे आपण भाजी निवडताना हळू आवाजात बोलतो.

एकदा कार्यक्रमाआधी एक बाई रडत तिच्याकडे आली. नवरा आपल्या मैत्रिणीला घेऊन प्रेक्षकांत बसला होता. लोरेटानं पडद्याआडून त्या दुसरीला न्याहाळलं आणि या बाईला सांगितलं, तुझा नवरा पळवण्याची हिची कुवत नाही. लगेच आतल्या खोलीत जाऊन तिनं त्याचंच गाणं केलं. १९६६ सालचं 'यू एंट वुमन इनफ' ते हेच. दारू पिऊन रात्री उशिरा येणाऱ्या आणि वर जवळीक मागणाऱ्या नवऱ्याला दारातच अडवणारं गाणं तिनं बहिणीच्या जोडीनं रचलं. ते १९६७ साली पहिल्या क्रमांकावर गेलं. तिचं हे पहिलंच अव्वल गाणं. १९६८ च्या 'फिस्ट सिटी'मध्ये तर डूच्या मागे लागलेल्या एका बाईला तिनं सरळ ठोशांची धमकी दिली. 'डिअर अंकल सॅम'मध्ये नवरा युद्धावर गेलेली बायको सरकारलाच पत्र लिहिते. आणि १९७२ च्या 'रेटेड एक्स'मध्ये तिनं घटस्फोटित बाईकडे समाज कोणत्या नजरेनं पाहतो ते मांडलं. पुरुष टपून बसतात, बायका दूर सरतात. तुमच्या गल्लीत, तुमच्या सोसायटीत हे चित्र तुम्ही पाहिलं नाही का?

आमच्या भिशीत मी हे सगळं सांगितलं, तेव्हा एक जण पटकन म्हणाली, "बाई गं! नवऱ्याची अशी लक्तरं वेशीवर टांगायची? मग संसार कशाला करायचा?" दुसरी म्हणाली, "इतकं सोसण्यापेक्षा सोडून का नाही दिलं त्याला?" तिसरी काहीच बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "ती गाणी कुठे ऐकायला मिळतात?"

पहिल्या दोघींचे प्रश्न मला सोडेनात. दोन्ही खरे आहेत, आणि दोन्हींना उत्तर हवं.

डूलिटल लिन हा काही सोज्वळ माणूस नव्हता. दारू होती, बाहेरख्यालीपणा होता, हातही उचलला जाई. लोरेटानं हे स्वतः पुस्तकांतून लिहिलंय, आणि आपणही उलट हात चालवला हेही लिहिलंय. पण त्याच माणसानं गिटार आणली, त्यानंच तिला मंचावर ढकललं, आणि तो नसता तर आपण गायिका झालोच नसतो, असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. तो मधुमेहानं खंगला तेव्हा आपले कार्यक्रम कमी करून तिनं त्याची सेवा केली. १९९६ साली तो गेला. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार!

यातून "बघा, सोसलं म्हणून संसार टिकला" असा अर्थ कृपा करून काढू नका. मारहाणीला कसलंच समर्थन नसतं, आणि जिला घराबाहेर पडावं लागतं तिनं पडावंच. लोरेटाचं मोठेपण राहण्यात नाही आणि सोडण्यातही नाही. मला भावतं ते तिचं न लपवणं. तिनं डूला देव केलं नाही आणि राक्षसही केलं नाही. जे चांगलं ते चांगलं म्हटलं, जे वाईट ते वाईट, आणि दोन्ही उजेडात ठेवलं. झाकल्या मुठीत काय असतं हो? कधी सव्वा लाख असतात, पण पुष्कळदा नुसता वळ असतो. मूठ मिटलेली राहिली की त्या वळाला औषधही लागत नाही. ती बोलली म्हणून तिचं घर बुडालं नाही. उलट दूरदूरच्या हजारो बायकांना कळलं, की हे आपल्याच एकटीच्या दारामागे घडत नाही. भिशीतल्या पहिल्या मैत्रिणीला मी हेच सांगितलं. तिला सगळं पटलं असं नाही, पण ती विचारात पडली खरी.

तिच्या धीटपणाची खरी परीक्षा १९७५ साली झाली. गाण्याचं नाव 'द पिल', म्हणजे संततिनियमनाची गोळी. दरवर्षी पाळणा हलवून थकलेली बायको नवऱ्याला सांगते, की आता हे गणित माझ्या हाती आहे. हे गाणं लिहिणारी मंडळी दुसरी होती, पण गाणारी सहा मुलांची आई होती. १९७२ सालीच ध्वनिमुद्रित झालेलं हे गाणं तीन वर्षं तसंच ठेवून दिलं होतं. बाहेर येताच गहजब झाला! कित्येक रेडिओ केंद्रांनी ते वाजवायला नकार दिला, केंटकीतल्या एका धर्मोपदेशकानं भर प्रवचनात तिचा निषेध केला. तरी गाणं कंट्रीच्या यादीत पाचव्या क्रमांकावर पोचलं. पुढे तिनं सांगितलं, की खेड्यांतले डॉक्टर तिला भेटून म्हणाले, आमच्या सरकारी पत्रकांनी झालं नाही ते तुमच्या गाण्यानं झालं. मुलांवर तिचा जीव होता. १९८४ साली तिचा एक मुलगा नदीत बुडून गेला, त्या दुःखानं ती पार खचली होती. पण ती गोळी आपल्या वेळी मिळती तर आपण नक्की घेतली असती, हेही ती मोकळेपणानं सांगे. मुलांवरची माया आणि थकलेलं शरीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे बोलून दाखवणाऱ्या आया अजूनही किती आहेत?

मान-सन्मान पुष्कळ झाले. कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातल्या सर्वश्रेष्ठ कलावंताचा पुरस्कार १९७२ साली तिला मिळाला. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १९७६ साली तिचं आत्मचरित्र आलं, १९८० साली त्यावर 'कोल मायनर्स डॉटर' हा चित्रपट निघाला आणि तिची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. १९८८ मध्ये 'कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम'मध्ये तिला स्थान मिळालं. बहात्तराव्या वर्षी, २००४ साली, रॉक संगीतातल्या जॅक व्हाइट या तरुणाबरोबर तिनं नवा अल्बम केला आणि त्याला दोन ग्रॅमी मिळाले. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी तिला 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' दिलं. आणि मधल्या काळात ती टीव्हीवर क्रिस्को नावाच्या स्वयंपाकाच्या तुपाची जाहिरातही करत होती, पाककृतींचं पुस्तकही काढत होती! चूल तिनं टाकली नाही, चुलीपुरती राहिली नाही, एवढंच. २०१७ साली पक्षाघाताचा झटका आला, तरी २०२१ साली तिनं शेवटचा अल्बम दिला. त्याच्या शीर्षकगीतात तिच्यानंतरच्या दोन पिढ्यांतल्या रीबा मॅकएंटायर आणि कॅरी अंडरवूड तिच्याबरोबर गायल्या. आज आपल्या घराबद्दल, नवऱ्याबद्दल, गावाच्या खोट्या इभ्रतीबद्दल बिनधास्त गाणं करणाऱ्या मिरांडा लँबर्ट, केसी मसग्रेव्ह्ज यांच्यासारख्या मुलींची वाट हिनंच आधी तुडवून ठेवली होती.

तुम्हाला ऐकायचं असेल तर सांगते. मोबाइलवर सगळं मिळतं, लेकीला किंवा नातवाला लावून द्यायला सांगा. उच्चार डोंगराळ भागातले आहेत, माझ्यासारखीला पहिल्यांदा निम्मे शब्द कळले नाहीत. शब्द समोर घेऊन ऐका. सुरुवात 'कोल मायनर्स डॉटर'पासून करा. १९७० साली आलेलं हे गाणं नवऱ्याचं नाही, भांडणाचं नाही. त्यात फक्त खोपटं आहे, रात्री खाणीत राबणारे वडील आहेत, कपडे घासून घासून हात सोलवटलेली आई आहे. गरिबीची लाज नाही आणि गरिबीचा तोराही नाही. मग 'यू एंट वुमन इनफ' ऐका, मग 'रेटेड एक्स'. 'द पिल' मात्र घरात कोण कोण आहे ते पाहून लावा!

त्या पहिल्या गाण्याविषयी एक गोष्ट मला राहून राहून आठवते. लोरेटानं ते लिहिलं तेव्हा त्याला कितीतरी जास्त कडवी होती. आई, वडील, भावंडं, घर, सगळं तिनं त्यात भरलं होतं. रेकॉर्डचे निर्माते म्हणाले, फार लांब झालंय, काही कडवी काढ. तिनं काढली, आणि ती कडवी कायमची गेली. त्यांत काय होतं ते आता कुणालाच कळायचं नाही.

म्हणून वाटतं, मैत्रिणींनो, आपल्याही घरात अशी काढून टाकलेली कडवी असतीलच. आजीची, आईची, सासूची, आपली स्वतःची. गाता आलं नाही तरी चालेल. वाण्याच्या हिशेबाच्या वहीला मागे चार कोरी पानं असतात ना? दुपारी भांड्यांचा गराडा आवरला, की त्यावर एक खरी गोष्ट लिहा. गोड असेल तर गोड, कडू असेल तर कडू. कुणाला दाखवायची की नाही ते नंतर ठरवा. आणि लिहिताना मनात आलंच की 'लोक काय म्हणतील', तर लोरेटाचं कुठलंही गाणं लावा. मोठ्यानं.